एचआरमध्ये नव्याने आलात? पर्यावरणाचं काम मस्टरपासून सुरू करा

एमपीएम (पर्सोनेल मॅनेजमेंटची पदव्युत्तर पदवी) किंवा एमएसडब्ल्यू करून एखाद्या कारखान्याच्या एचआरमध्ये, म्हणजे मनुष्यबळ खात्यात, रुजू झालात, की काही महिन्यांतच ५ जून येतो. साहेब सांगतात, पर्यावरण दिन आहे, काहीतरी करा. मग नर्सरीतून रोपं येतात, गेटजवळ खड्डे खणले जातात, फोटो निघतात. पुढच्या मे महिन्यात त्याच खड्ड्यांत वाळलेल्या काड्या उभ्या असतात, कारण पाणी कोणी घालायचं हे ठरलेलंच नसतं. चाकणच्या एका कारखान्यात पहिली दोन वर्षं मीही हेच केलं. तिसऱ्या वर्षी मात्र रोपांवर होणारा खर्च थांबवून मस्टर (कामगारांचा हजेरीपट), बसचं लॉगबुक आणि कँटीनचं बिल घेऊन बसले. आपल्या खात्याच्या हातात नेमकं काय आहे, ते त्या दिवशी कळलं.

धुराडं, सांडपाणी, पेंटचा गाळ ही कामं पर्यावरण आणि सुरक्षा विभागाची. पण ६०० माणसं रोज कुठून, कशाने, किती वाजता येतात, काय खातात, काय घालतात आणि किती कागदांवर सह्या करतात, हे सगळं एचआर ठरवतं. ते आपल्यालाच बदलता येतं, दुसऱ्या कोणाला नाही. खालच्या पायऱ्या मध्यम आकाराच्या कारखान्याला धरून लिहिल्या आहेत. तुम्ही हिंजवडीच्या आयटी ऑफिसात असाल, तर युनिफॉर्मचा भाग सोडा; बाकीचं थोड्या फरकाने लागू पडेल.

पहिली पायरी : एक महिना फक्त मोजा

काहीही जाहीर करू नका. पोस्टर नको, शपथ नको. एक साधी एक्सेल शीट उघडा आणि चारच गोष्टी लिहा : स्टोअरमधून एचआर आणि टाइम ऑफिसला (हजेरी-पगाराची नोंद ठेवणारी खिडकी) गेलेली कागदाची रिमं, प्रत्येक बसमध्ये रोज बसलेली माणसं, कँटीनमध्ये उरलेलं आणि टाकलेलं अन्न, आणि चहाचे कागदी कप. रिमांचा आकडा स्टोअरच्या इश्यू स्लिपवर मिळतो, कपांचा कॉन्ट्रॅक्टरच्या बिलात. बसची डोकी सिक्युरिटी मोजून देईल. अन्न मात्र वजन करूनच कळतं. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

हे आकडे माणशी काढा. जानेवारीत ५५० आणि मार्चमध्ये ७०० माणसं असतील तर नुसती बेरीज फसवते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कंत्राटी कामगार आणि अप्रेंटिस धरा. कित्येक ठिकाणी अशा हिशोबात फक्त कायम कामगार मोजतात. पण बसमध्ये बसणारे, चहा पिणारे आणि जेवणारे निम्म्याहून जास्त लोक कॉन्ट्रॅक्टरकडचे असू शकतात.

दुसरी पायरी : बदल करण्याआधी लोकांशी बोला

कामगाराच्या मनात पहिली शंका येते ती हीच : पर्यावरणाच्या नावाखाली आमची सवलत कमी करणार. ही शंका खोटी नाही. बसचा थांबा काढला, जेवणातला पदार्थ कमी केला आणि वर हिरव्या पानाचं चिन्ह लावलं, असं होतं. म्हणून वर्क्स कमिटी (कामगार आणि व्यवस्थापन यांची संयुक्त समिती), कँटीन कमिटी आणि युनियन असेल तर युनियनचे पदाधिकारी, यांच्यासमोर महिन्याचे आकडे आधी मांडा आणि एक गोष्ट साहेबांकडून लेखी घ्या : वाचलेल्या पैशांतला ठरावीक वाटा कामगारांच्याच सोयीवर खर्च होईल. आमच्याकडे तो वाटा कँटीनला गेला, पिण्याच्या पाण्याचे दोन नवे कूलर बसले, आणि त्या दिवसापासून बोलण्याचा सूर बदलला.

हीच कसोटी पुढच्या प्रत्येक पायरीला लावा. बचतीचा भार कामगाराच्या खिशावर किंवा पायांवर पडत असेल, तर तो बदल करू नका.

तिसरी पायरी : कागद

इथे सुरुवात सोपी आहे, कारण परवानगी फारशी कोणाची लागत नाही. ७५ जीएसएमचा (चौरस मीटरला ७५ ग्रॅम) एक ए-४ कागद साधारण पावणेपाच ग्रॅमचा, म्हणजे ५०० कागदांची रिम सुमारे २.३ किलोची. जॉइनिंग किट ३० पानांचं असेल आणि वर्षाला २०० माणसं रुजू होत असतील, तर ६,००० पानं, १२ रिमं, जवळपास २८ किलो कागद. त्यावर झेरॉक्स वेगळी. आधारची प्रत तीन-तीन ठिकाणी लागते म्हणून तीनदा काढलेली मी पाहिली आहे.

तुमचं जॉइनिंग किट टेबलावर पसरा आणि प्रत्येक पानासमोर लिहा : हे कोणाला लागतं, का लागतं, आणि यातली माहिती दुसऱ्या पानावर आधीच आहे का? नाव, पत्ता, जन्मतारीख पाच वेळा भरून घेणारे फॉर्म हमखास सापडतील. संगणकाकडे जाण्याआधी ही कात्री चालवा. निरुपयोगी फॉर्म स्कॅन करून ठेवण्यात काही अर्थ नाही.

आता कायदा. नवीन माणसाला इथेच धाकधूक असते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४ ने इलेक्ट्रॉनिक नोंदीला कागदी नोंदीसारखी मान्यता दिली आहे आणि कलम ५ ने इलेक्ट्रॉनिक सहीला. २०१७ मध्ये केंद्र सरकारने नऊ कामगार कायद्यांखालची ५६ रजिस्टरं पाच सामायिक रजिस्टरांवर आणली आणि ती संगणकावर ठेवायला मुभा दिली. पीएफचं नॉमिनेशन यूएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) पोर्टलवर होतं. फॉर्म १६ डिजिटल सहीने देता येतो. त्यामुळे नेमणूकपत्र, रजेचा अर्ज, पगारपत्रक, अप्रेझलचा फॉर्म हे सगळं कागदाविना चालू शकतं.

काही कागद मात्र हात न लावता ठेवा : वेतन कराराची मूळ प्रत, खातेनिहाय चौकशीची कागदपत्रं, अपघाताची नोंद, ग्रॅच्युइटीचं नॉमिनेशन. वाद कोर्टात गेला की पहिली मागणी शाईच्या सहीची होते. स्थायी आदेश (कारखान्यातल्या नोकरीचे प्रमाणित नियम) आणि सूचना लोकांना कळणाऱ्या भाषेत फलकावरच लागल्या पाहिजेत. त्या व्हॉट्सॲपवर टाकून जबाबदारी संपत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि जुने नमुने बदलत आहेत. म्हणून एखादं रजिस्टर बंद करण्याआधी तुमच्या कामगार कायदा सल्लागाराचं मत ईमेलवर घ्या आणि ते जपून ठेवा.

पगारपत्रकाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण इथे मी चुकले होते. आम्ही एका महिन्यात सगळ्यांची छापील पगारपत्रकं बंद करून ॲप सुरू केलं. हाउसकीपिंगमधल्या एका मावशींकडे साधा फोन होता. त्यांना ओव्हरटाइमचे पैसे कमी आले होते, पण तीन महिने ते कळलंच नाही, कारण विचारायला हातात कागद नव्हता. त्यांचे पैसे नंतर मिळाले, पण ती चूक आमच्या घाईची होती. तेव्हापासून टाइम ऑफिसच्या खिडकीत एक किऑस्क आहे. कार्ड दाखवलं की पगारपत्रक पडद्यावर मराठीत दिसतं आणि बटण दाबलं तर छापूनही मिळतं. आधी ६०० पगारपत्रकं छापत होतो, आता चाळीसेक छापतो. तेवढी छापलीच पाहिजेत.

जुन्या पर्सनल फाइलींचं काय करायचं? वेतन प्रदान कायद्यात (पेमेंट ऑफ वेजेस ॲक्ट) रजिस्टरं शेवटच्या नोंदीपासून तीन वर्षं जपायला सांगितलं होतं; पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे वाद त्याहून जुने निघतात. आधी खात्यात मुदतीचा तक्ता बनवा, मगच फाइली काढा. आणि त्या रद्दीवाल्याला तशाच देऊ नका. त्यांत लोकांचे आधार, बँक खाती, आजारपणाचे दाखले असतात. समोर उभं राहून श्रेडिंग करून घ्या, मगच तो कागद पुनर्वापराला जाऊ द्या.

चौथी पायरी : बस

कागदाचा ढीग डोळ्यांना दिसतो, म्हणून सगळे तिथे थांबतात. माझ्या मते एचआरच्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट बसच आहे. हिशोब करून बघा. भोसरी-निगडीकडून येणारी बस जाऊन-येऊन ६० किलोमीटर धावते आणि लिटरला ४ किलोमीटर देते असं धरू. १५ लिटर डिझेल लागलं. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे फेरीला साधारण ४० किलो. बसमध्ये ३६ माणसं असतील तर माणशी १.१ किलो. तोच माणूस लिटरला ५० किलोमीटर देणाऱ्या मोटरसायकलवर आला, तर १.२ लिटर पेट्रोल, माणशी पावणेतीन किलोच्या आसपास. एकटा कारने आला तर नऊ किलोच्या पुढे.

आता त्याच बसमध्ये १२ माणसं बसवा. माणशी ३.३ किलो होतात, म्हणजे मोटरसायकलपेक्षाही जास्त. बस असणं पुरेसं नाही, ती भरलेली असली पाहिजे. आमच्या पहिल्या महिन्याच्या मोजणीत एका रूटवर माणसं उभी होती आणि दुसऱ्यावर ११ जण होते. रूट सहा वर्षांपूर्वी आखलेले. दरम्यान लोक मोशी, चिखली, राजगुरुनगरकडे राहायला गेले होते. पत्ते मस्टरला होते, पण ते नकाशावर कोणी मांडले नव्हते.

करायचं ते असं. मस्टरमधले सध्याचे पत्ते पिनकोडप्रमाणे लावा. कायमचा पत्ता नको, तो लातूरचा किंवा नांदेडचा असतो. शिफ्टप्रमाणे वेगळे करा. कुठे दाटी आहे ते नकाशावर बघा. मग ड्रायव्हरना बोलवा. कुठल्या थांब्यावर कोण कधीच येत नाही, कुठल्या चौकात रोज वीस मिनिटं इंजिन चालू ठेवून उभं राहावं लागतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. नाशिक रस्त्याची कोंडी टाळायला आम्ही जनरल शिफ्ट अर्धा तास आधी सुरू केली, ती ड्रायव्हरच्याच सांगण्यावरून.

शिफ्टच्या वेळाही बघा. दुसऱ्या पाळीला घेऊन आलेली बस पहिल्या पाळीला घेऊन परत जात असेल तर रिकामी फेरी वाचते. दोन पाळ्यांत तासाभराचं अंतर असेल तर बस रिकामी जाते किंवा एसी चालू ठेवून उभी राहते. शेजारच्या कारखान्याची शिफ्ट तीच असेल तर बस वाटून घेता येते. दोन्हीकडच्या सिक्युरिटीला ते आवडत नाही, पण जमतं. रात्रपाळीतल्या महिलांचे थांबे मात्र या हिशोबातून बाहेर ठेवा. त्यांची गाडी घराजवळच थांबली पाहिजे, त्यात एकच प्रवासी असली तरी.

ऑफिसात काम करणाऱ्यांसाठी आठवड्यातून एक-दोन दिवस घरून काम हा चांगला उपाय आहे, पण सगळ्यांना वेगवेगळे दिवस देऊ नका. रोज अर्धं ऑफिस रिकामं आणि एसी पूर्ण, असं होतं. मजल्याप्रमाणे दिवस ठरवा, म्हणजे तो मजला बंद ठेवता येईल.

पाचवी पायरी : कँटीन

कँटीनच्या मागे दोन ड्रम ठेवा. एकात शिजवलं पण वाढलंच नाही ते, दुसऱ्यात ताटातलं उष्टं. रोज दोन्हींचं वजन. हे वेगळं ठेवणं फार गरजेचं आहे, कारण दोन्हींची कारणं वेगळी. पहिला ड्रम भरतो तो आपल्या खात्यामुळे. उष्ट्याचा ड्रम भरतो तो चवीमुळे किंवा वाढपामुळे. बहुतेक कारखाने दोन्ही एकत्र करून भिंतीवर ‘अन्न वाया घालवू नका’ असं लिहितात आणि सगळा दोष जेवणाऱ्यावर जातो.

पहिला ड्रम का भरतो? कॉन्ट्रॅक्टर कालच्या आकड्यावर स्वयंपाक करतो, आणि आज किती येणार हे त्याला कोणी सांगत नाही. आपल्याकडे पंचिंगचा आकडा शिफ्ट सुरू होताच तयार असतो. तो कँटीनच्या फोनवर आपोआप जाईल अशी सोय करा. त्यात उपासांचं कॅलेंडर जोडा. श्रावणी सोमवार, आषाढी एकादशी, संकष्टी, नवरात्र या दिवशी भाताची डेगची निम्मी उरते आणि साबुदाण्याची खिचडी कमी पडते. रमजानमध्ये रोजे ठेवणारे दुपारी जेवत नाहीत. गणपतीत कोकणातली माणसं आठवडाभर नसतात. यातलं एकही नवीन नाही. रजेच्या अर्जांवर दरवर्षी दिसतं. आम्ही हे कॅलेंडर कॉन्ट्रॅक्टरला वर्षाच्या सुरुवातीला देऊ लागलो आणि पहिल्या ड्रमचं वजन दोन महिन्यांत निम्म्यावर आलं.

दुसऱ्या ड्रमसाठी कँटीन कमिटीला ड्रमाजवळ उभं करा. चपात्या जास्त पडल्या असतील तर त्या कडक झाल्या होत्या का, हे विचारा. अर्धी वाटी भाजी मागता येईल आणि पुन्हा घ्यायला रांग वेगळी असेल, एवढ्यानेही फरक पडतो. जी माणसं आठ तास उभं राहून काम करतात, त्यांच्या ताटाचं माप कमी करायला कधीही सांगू नका.

चहाचा हिशोब सरळ आहे. ६०० माणसं, दिवसाला दोन चहा, वर्षाला ३०० दिवस : ३ लाख ६० हजार कप. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे तो साध्या कागदासारखा रद्दीत जात नाही. स्टीलचे पेले आणा, पण त्याआधी धुण्याची जागा, गरम पाणी आणि धुणाऱ्या माणसाची पाळी ठरवा. ते न करता पेले आणले तर कळकट पेल्यात कोणी चहा पिणार नाही, आणि महिन्याभरात कागदी कप परत येतील.

सहावी पायरी : भरती

थोडक्यात सांगते. आयटीआयच्या मुलाला लातूरहून परीक्षेला एकदा, मुलाखतीला एकदा आणि मेडिकलला एकदा असं बोलावू नका. प्राथमिक बोलणं फोनवर, आणि बाकीचं सगळं एकाच दिवशी. इंधन वाचतं, आणि नोकरी अजून न मिळालेल्या मुलाचे एसटीचे पैसेही वाचतात. निवड झाली नाही तर निरोप त्याच आठवड्यात द्या.

सातवी पायरी : कपडे, भेटी आणि जुनी यंत्रं

युनिफॉर्म दरवर्षी दोन सेट, सगळ्यांना, असा नियम असेल तर स्टोअरमध्ये न वापरलेल्या मापांचा ढीग सापडेल. मापं आधी घ्या. जुने कपडे लोगो काढून मशीन पुसायला वापरता येतात, पण एकदा त्यांना तेल लागलं की ते फडके घातक कचऱ्यात मोडतात, कचराकुंडीत जाऊ शकत नाहीत. हेल्मेट, सेफ्टी शूज, हातमोजे यांत मात्र काटकसर अजिबात नाही. झिजलेला बूट आणखी सहा महिने वापरायला लावणं हे पर्यावरणाचं काम नव्हे.

दिवाळीची मिठाई आणि स्नेहसंमेलन आपल्याच खात्याकडे असतं. १ जुलै २०२२ पासून देशभर एकल वापराच्या ज्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे त्यात मिठाईच्या बॉक्सवरची प्लास्टिकची फिल्म, प्लास्टिकचे चमचे-ग्लास, सजावटीचा थर्माकोल आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर आहेत. महाराष्ट्रात तर २०१८ पासूनच स्वतंत्र बंदी आहे. पर्चेस ऑर्डरमध्ये हे शब्द लिहा. नुसतं तोंडी सांगितलं तर व्हेंडर फिल्म लावूनच आणतो. बॅनर कापडी करा आणि त्यावर तारीख-साल घालू नका, म्हणजे पुढच्या वर्षीही लागेल.

बंद पडलेली पंचिंग मशीन आणि लॅपटॉप भंगारवाल्याला देता येत नाहीत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार वर्षात १,००० किंवा जास्त विद्युत-इलेक्ट्रॉनिक उपकरणं वापरणारी संस्था मोठी ग्राहक ठरते आणि तिने ती नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्ती करणारा किंवा पुनर्वापर करणारा यांनाच द्यायची असतात. तुमचा आकडा कमी असला तरी वाट तीच धरा. फुल अँड फायनलच्या (नोकरी सोडतानाच्या अंतिम हिशोबाच्या) क्लिअरन्स फॉर्ममध्ये चार्जर आणि ओळखपत्राची ओळ घाला. जुनं कव्हर आणि दोरी पुढच्या माणसाला देता येते.

आठवी पायरी : इंडक्शन (नव्या माणसाची ओळख-शिकवण) आणि केआरए (वर्षाची ठरवून दिलेली उद्दिष्टं)

कारखान्याकडे आयएसओ १४००१ (पर्यावरण व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक) असेल, तर त्यातल्या कलम ७.२ आणि ७.३ मधली सक्षमता आणि जाणीव बहुतेक ठिकाणी एचआरकडे येते. ऑडिटर फाइल बघतोच, पण नंतर थेट लाइनवर जाऊन ऑपरेटरला विचारतो, तुझ्या कामाचा पर्यावरणावर काय परिणाम होतो? स्लाइड दाखवून याचं उत्तर येत नाही. नव्या माणसाला वीस मिनिटं चालत न्या. सांडलेलं कूलंट कुठे जातं, तेलकट फडकी कुठल्या ड्रममध्ये टाकायची, हवेच्या पाइपातून सुस्कारा ऐकू आला तर कोणाला सांगायचं, हे जागेवर दाखवा. कॉम्प्रेसरच्या हवेची गळती ही दिवसरात्र वाहणारी वीज आहे, आणि आपल्याकडच्या ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड असतो.

केआरएमध्ये ओळ घालायची तर सुपरवायझर आणि त्यांच्या वरच्यांच्या घाला, एकच, आणि मोजता येईल अशी. ऑपरेटरच्या पगारवाढीला असं काही जोडू नका. मशीन बदलायचा अधिकार त्याच्याकडे नसतो. त्याच्यासाठी सजेशन स्कीम (कामगारांच्या सूचना मागवण्याची योजना) आहे, आणि ती चालते ती बक्षिसाने नव्हे, उत्तराने. पंधरा दिवसांत ‘हो’ किंवा ‘नाही, कारण...’ एवढं लेखी गेलं पाहिजे.

नववी पायरी : आकडे वर पोचवा

शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने बाजारमूल्याने पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर हा व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता सांगणारा अहवाल बंधनकारक केला. तुम्ही लहान पुरवठादार असलात तरी तुमची मोठी ग्राहक कंपनी त्यासाठी प्रश्नावली पाठवेल, आणि कर्मचाऱ्यांचा प्रवास, प्रशिक्षणाचे तास हे रकाने तुमच्याच टेबलावर येतील. त्या वेळी अंदाजाने भरू नका. पहिल्या महिन्यापासूनची शीट असेल तर तीच द्या, आणि कुठला आकडा मोजलेला, कुठला धरलेला, हे शेजारी लिहा. तेच पान मराठीत कँटीनच्या दाराशी लावा. वाढलेला आकडाही लावा. ऑक्टोबरमध्ये बस रिकामी धावली असेल तर ते लोकांना दिसू द्या, कारण बहुतेकदा उपाय त्यांच्यातूनच येतो.

आपल्या क्षेत्रात माणसं दोन-तीन वर्षांत नोकरी बदलतात आणि शीट त्यांच्या लॅपटॉपबरोबर जाते. म्हणून बसचा नकाशा, उपासांचं कॅलेंडर, फाइलींच्या मुदतीचा तक्ता आणि व्हेंडरला लिहायच्या अटी खात्याच्या एसओपीत (लेखी कार्यपद्धतीत) घाला आणि हँडओव्हरच्या यादीत त्यांची नावं लिहा. तुम्ही सोडून जाल तेव्हा तुमच्या जागी येणाऱ्याला बसचं लॉगबुक कुठे असतं आणि ड्रमांचं वजन कोण करतं, हे एकदा प्रत्यक्ष कँटीनमागे नेऊन दाखवा.